न ऐकू येणारी झांज

काशीराम राऊळांना आपली झांज ऐकू येत नाही, हे पहिल्यांदा कळलं ते चारकोपच्या नाक्यावर, सिग्नल लाल असताना. गाडी तीन महिन्यांची होती. मागच्या सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण राऊळांच्या मते नव्या गाडीचा वास प्लास्टिकमध्येच टिकतो. शेजारी सुगंधाबाई, त्यांच्या मांडीवर भाजीची पिशवी, आणि कंपनीने गाडीबरोबर दिलेल्या स्टिरिओवर सत्तावीस वर्षांपूर्वीची डबलबारी चाललेली.

डबलबारी म्हणजे काय हे मालवणी माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर दोन भजनी बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि गाता गाता एकमेकांची अशी काही काढतात की ऐकणाऱ्याने टाळी वाजवावी की भांडण सोडवावं, हेच कळू नये. देवाच्या साक्षीने चाललेली ती कुस्तीच. हा सामना परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी झाला होता आणि राऊळांच्या रवळनाथ प्रासादिक भजन मंडळाचे सीतारामबुवा तो जिंकले होते. मंडळातल्या एकाचा मेहुणा रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होता. त्याने दोन माइक लावून सगळं टेप करून घेतलं. ती कॅसेट राऊळांनी कपाटात, विम्याच्या कागदांच्या खाली, जपून ठेवली होती. मुलगा निलेश बंगळूरहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. आणि त्या सामन्यात झांज वाजवायला बसले होते स्वतः काशीराम राऊळ.

"ऐकलंस?" राऊळ म्हणाले.

"काय?"

"तेच तर! पेटी येते, पखवाज येतो, बुवा येतात, कोरसमधला तो बेसूर सावंतसुद्धा येतो. माझी झांज कुठे गेली?"

सुगंधाबाईंनी कोथिंबिरीची जुडी नीट केली. "मला काय विचारता? कॅसेटमध्ये नसेल आली."

"कॅसेटमध्ये नाही कशी? माइक माझ्यापासून दोन हातांवर होता."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या रिक्षावाल्याने राऊळांच्या घराण्याविषयी दोन शब्द उच्चारले, ते मात्र स्पष्ट ऐकू आले.

तीस वर्षं एका औषध कंपनीच्या गोदामात राऊळ स्टोअरकीपर होते. गोळ्यांची एक पट्टी कमी आली तरी ते ट्रक थांबवत. अशा माणसाची आख्खी झांज गहाळ झाल्यावर तो गप्प बसेल, हे शक्यच नव्हतं.

त्यांनी विषय काढला तो पहिल्या मजल्यावरच्या नंदू सारमळकरांकडे. नंदूंनी उभ्या आयुष्यात गाडी घेतली नव्हती. त्यामुळे गाड्यांविषयीचं त्यांचं मत कुठल्याही अनुभवाने गढूळ झालेलं नव्हतं.

"काश्या, स्पीकर किती आहेत रे तुझ्या गाडीत?"

"दोन असतील."

"असतील? घरात खोल्या किती ते पण असंच सांगतोस का? बरं, ट्वीटर आहे का?"

"ते आपल्याला नको. निलेश असतो त्यावर."

नंदूंनी कपाळावर हात मारला. ट्वीटर म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर. तो नसला की झांज, घुंगरू, मंगळसूत्राचा आवाज, काही म्हणून ऐकू येत नाही. "आणि तुझं स्वस्तातलं मॉडेल. त्यात ट्वीटर कुठून येणार? अरे, कंपनी गाडी विकते, गाणं नाही विकत. तो स्टिरिओ म्हणजे लग्नात वाटतात ना टॉवेल, तसला. द्यायचा म्हणून देतात, अंग कोण पुसतंय? काढून टाक. नवीन घाल. मी येतो बरोबर."

नंदू बरोबर येतात तेव्हा काम वाढतं, हे आख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. पण झांजेच्या ओढीने राऊळांची मती गुंग झाली होती.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कृणालशेठचं दुकान होतं. दुकानाच्या भिंतींवर स्पीकरच स्पीकर, नैवेद्याच्या ताटात मोदक मांडावेत तसे. कृणालशेठने गाडीत डोकं घालून एकदा सगळीकडे बघितलं आणि हळहळ व्यक्त केली. जवळच्या नातेवाइकाचा एक्स-रे बघावा तशी.

"काका, कसं ऐकलंत तीन महिने?"

"झांज ऐकू येत नाही."

"झांज? काका, मी असं करून देतो की सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाच्या पोटात कळ येईल."

"मला कळ नको, झांज हवी आहे."

"झांजपण येईल ना. कळेच्या मागोमाग येईल!"

नंदूंनी मान डोलावली. त्यानंतर कंपनीचा स्टिरिओ निघाला आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत राऊळांच्या हातात आला. त्याच्या जागी शाळकरी पोराच्या पाटीएवढा पडदा बसला. दारांत नवे स्पीकर बसले. डिकीत एक काळा खोका बसला, इतका मोठा की स्टेपनी काढायची वेळ आली तर आधी खोका उचलायला दोन माणसं बोलवावी लागली असती. आवाज कसा येतो ते बघायला नंदूंनी मोठ्या उत्साहाने स्वतःचा फोन गाडीला जोडला आणि कसलंसं धडधडीत गाणं लावलं. दुकानासमोरचा कुत्रा उठून दुसऱ्या गाळ्यापुढे जाऊन झोपला.

"झकास!" नंदू म्हणाले.

घरी येताना राऊळांनी पेनड्राइव्ह लावला. पखवाजाची पहिली थाप पडली आणि आरसा असा थरथरला की मागून येणाऱ्या एका बसच्या तीन बसेस दिसल्या. राऊळ चरकले. पण तेवढ्यात डाव्या बाजूने बारीक, चंदेरी, सळसळता आवाज आला. खर्रर्र... खर्रर्र...

"आली!" राऊळ ओरडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "नंद्या, आली रे! ऐक, माझी झांज!"

नंदूंनी कान टवकारले. मग हात पुढे करून डावं दार घट्ट दाबून धरलं. झांज बंद झाली. हात काढला, पुन्हा सुरू झाली.

त्या दिवसापासून राऊळांच्या गाडीचं डावं दार वाजू लागलं आणि त्याची काच निम्म्यावर अडकली. पण त्याहून भारी प्रकार सोमवारी सकाळी घडला.

राऊळांनी बँकेत जायला गाडी सुरू केली. गाडी नंदूंच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली उभी असायची. पडद्यावर निळी खूण चमकली आणि चारही बाजूंनी एक अनोळखी पुरुषी आवाज घुमला:

"हां, बोल नंदू. मग त्या झांजवाल्याचं काय झालं?"

राऊळ सीटवर अर्धा फूट उडाले. वर गॅलरीत नंदू फोन कानाशी धरून बोलताना दिसत होते. परवा जोडलेला त्यांचा फोन गाडीने आपणहून ओळखला होता आणि चालू बोलणं पकडून खाली आणलं होतं. आवाज होता नंदूंच्या मुलुंडच्या मेहुण्याचा.

"हॅलो? नंदू? अरे तो तुझ्या सोसायटीतला येडा, गाडीत भजन ऐकणारा. तू म्हणालास ना, त्याला हो म्हटलं की काहीपण बसवून घेतो."

वर नंदू "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही तुझा" म्हणून फोन झटकत होते. राऊळांनी क्षणभर विचार केला. मग पाठ ताठ केली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि जितक्या सभ्यपणे उत्तर देता येईल तितक्या सभ्यपणे म्हणाले, "येडा बोलतोय."

मुलुंडला शांतता पसरली.

ती शांतता नंदूंच्या गॅलरीपर्यंत पोचायला साधारण एक मिनिट लागलं असावं, कारण गाडी फाटकातून बाहेर पडताना राऊळांनी परवापासून थरथरतच राहिलेल्या आरशात पाहिलं, तर गॅलरीत तीन नंदू एकाच वेळी खाली वाकून लपत होते.

त्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. राऊळांनी पार्किंगमध्ये एकदा, फक्त एकदा, आवाज लावून बघितला तर शेजारच्या पाच गाड्यांचे भोंगे एकदम बोंबलू लागले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की वाहनतळातील उभ्या वाहनात भजन, कीर्तन अथवा तत्सम ध्वनी निर्माण करू नये." नाव कुणाचं नव्हतं. पण सोसायटीत उभ्या वाहनात कीर्तन करणारा दुसरा सभासद कोण होता? राऊळ लिफ्टमध्ये शिरले की लोक आदबीने बाजूला होत आणि दार बंद झालं की हसत. दुसरी गोष्ट म्हणजे गुरुवारी गाडी सुरूच झाली नाही. नव्या सामानाने बॅटरी पिऊन टाकली होती.

गाडी ओढून अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. तिथे दिपाली नावाच्या मॅडम होत्या, हातात टॅब, चेहऱ्यावर शिकवलेलं हसू. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि हसू गेलं.

"सर, ही मेन वायर कोणी कापली?"

"भजनासाठी कापली."

"सर, कम्प्लेंटमध्ये भजन हा ऑप्शन नाहीये. 'आवाज येतो' किंवा 'आवाज येत नाही', एवढंच आहे."

"आवाज येतो. पण झांजेचा येत नाही."

दिपाली मॅडमनी बराच वेळ टॅबकडे बघून 'इतर' वर खूण केली. मग एक कागद पुढे आला. त्यात लिहिलं होतं की ग्राहकाने स्वखुशीने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार केला असून यापुढे विजेच्या कुठल्याही बिघाडाला कंपनी जबाबदार राहणार नाही. राऊळ न वाचता कधी सही करत नसत. त्यांनी कागद दोनदा वाचला. स्वखुशीने या शब्दावर ते पुष्कळ वेळ थांबले. खुशी या प्रकरणात नेमकी कुठे होती, ते त्यांना आठवेना. शेजारी सुगंधाबाई उभ्या होत्या. त्यांनी पेन पुढे केलं.

बॅटरी बदलून गाडी बाहेर आली तेव्हा मॅडमनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"सर, एक सांगू? साकीनाक्याला हरेश्वर म्हणून आहेत. आमच्या वर्कशॉपमधले सगळे स्वतःच्या गाड्या त्यांच्याकडेच नेतात. माझं नाव नका घेऊ हं."

"ते काय करतात?"

"ते आधी ऐकतात," दिपाली मॅडम म्हणाल्या. आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते शिकवलेलं नव्हतं.

साकीनाक्याला एका बोळाच्या टोकाला, पत्रे कापणाऱ्या आणि नळ्या वाकवणाऱ्या गाळ्यांच्या गदारोळात हरेश्वरचा गाळा सापडला. पाटी नव्हती. पन्नाशीचा, काळासावळा, रुंद पंज्यांचा माणूस स्टुलावर बसून चहा पीत होता. मढच्या कोळीवाड्यातला. वडिलांची बोट, भाऊ अजून मासे धरायला जातात. हा मात्र लहानपणापासून खाडी ओलांडली की ओकायचा. "कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो म्हटल्यावर काय इज्जत राहणार, सांगा," तो हसून म्हणाला. म्हणून तो किनाऱ्यावरच बसून राहायचा, आणि अंधुक धुक्यात नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून कुणाची बोट परत येते आहे ते बायकांना सांगायचा. सतरा बोटी त्याला आवाजावरून ओळखू यायच्या. कुठल्या इंजिनाचा कुठला बोल्ट ढिला आहे, तेसुद्धा.

राऊळांनी आपली कहाणी सांगायला सुरुवात केली. हरेश्वरने हात वर केला.

"काका, तुम्ही नका सांगू. गाडी सांगेल."

तो गाडीत बसला. डोळे मिटले. भजन लावलं नाही, काही लावलं नाही. बाहेर पत्रे किंचाळत होते आणि हा माणूस देवळात बसल्यासारखा बसला होता. मग उतरून त्याने चारी दारांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, बाजारात नारळ पारखावा तसं, आणि एकेका दाराला कान लावला. राऊळ नकळत चपला काढून उभे राहिले. सुगंधाबाईंनी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा त्यांनी त्या परत घातल्या.

"स्पीकरची चूक नाही," हरेश्वर म्हणाला. "दार म्हणजे पत्र्याचा डबा. डब्यात तुम्ही पट्टीचा गवई बसवलात तरी डबाच वाजणार. आणि हा डिकीतला खोका कशाला? गणपतीला?"

"मग कंपनीचा स्टिरिओ काढायलाच नको होता?"

"कुठाय तो?"

राऊळांनी प्लास्टिकची पिशवी दिली. हरेश्वरने तो डबा हातात घेऊन फुंकर मारली. "हा बिचारा बरा होता. याला फक्त तोंड दिलं नव्हतं कंपनीने."

"पण मला एक खरं सांगा," राऊळ म्हणाले. या प्रश्नाने त्यांना महिनाभर झोपू दिलं नव्हतं. "हे बदलण्यात अर्थ आहे की नाही?"

हरेश्वरने चहाचा शेवटचा घोट घेतला. "ज्याला ट्रॅफिकमध्ये बातम्या ऐकायच्यात, त्याने हात लावू नये. कंपनीचं आहे ते पुष्कळ आहे. ज्याला खरंच ऐकायचंय, त्याने करावं. पण काका, चांगल्या सिस्टिमला एक खोड असते. ती काही लपवत नाही."

राऊळांना ही जाहिरात वाटली. ते खूश झाले.

चार दिवसांनी, शनिवारी दुपारी, दोघं गाडी न्यायला गेले. खोका गेला होता. पाटीएवढा पडदा गेला होता. कंपनीचा स्टिरिओ आपल्या जागी मुकाट बसला होता, दारांच्या आत काळे जाड थर चिकटवले होते, सीटखाली वहीएवढं एक यंत्र, आणि समोरच्या दोन खांबांवर रुपयाएवढे ट्वीटर. बघून वाटावं, काहीच केलेलं नाही. दार लावलं तर आवाज आला 'धप्', सागवानी कपाटासारखा. राऊळांनी ते तीनदा उघडून लावलं.

हरेश्वरने राऊळांच्या डोक्याच्या उंचीवर एक छोटा माइक लावला आणि लॅपटॉपवर काही आकडे हलवले. "उजवा स्पीकर तुमच्या कानाला जवळ, डावा लांब," तो म्हणाला. "म्हणून जवळच्याला केसभर थांबवायचं. लांबचा पोचला की मग दोघांनी एकदम बोलायचं." मग तो डाव्या सीटवर बसला. सुगंधाबाई मागे प्लास्टिकवर बसल्या. हरेश्वरने बाहेर कुणाला तरी हाक मारली, आणि आश्चर्य म्हणजे शेजारच्या गाळ्यातलं पत्रे कापणं थांबलं.

"लावा तुमचं भजन."

राऊळांनी बटण दाबलं.

आणि समोरची काच नाहीशी झाली. निदान राऊळांना तसं वाटलं. बॉनेटच्या जागी परळच्या त्या शाळेचा हॉल उभा राहिला. डावीकडे पेटी, तिच्या भात्याचा श्वास ऐकू येत होता. उजवीकडे, जरा मागे, पखवाज. थाप पडण्याआधी बोटं कातड्यावर घासत होती. मध्ये सीतारामबुवा. बुवांनी घसा खाकरला तो राऊळांना इतका जवळ वाटला की ते सावरून बसले. लांब कुणीतरी "पाणी दे रे" म्हणालं. पंखा कुरकुरत होता. एक लहान मूल रडलं आणि आईने त्याला शांत केलं. ते मूल आता तिशीचं झालं असेल. सत्तावीस वर्षं ही सगळी माणसं त्या टेपमध्ये अंग चोरून बसली होती आणि आज हात-पाय मोकळे करत होती.

सुगंधाबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं.

बुवांनी गजर उचलला. आणि मग ती आली. उजवीकडून, वरून, लख्ख, ओळखीची. झांज! दार नव्हे, बोल्ट नव्हे. पितळी, गोल, खणखणीत झांज. राऊळांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, काच खाली करून आख्ख्या साकीनाक्याला सांगावं.

"हा झांजवाला कोण?" हरेश्वरने विचारलं.

राऊळांनी डोळे उघडले. त्या प्रश्नात कौतुक नव्हतं.

"का हो?"

"उशिरा पोचतो. प्रत्येक समेला."

राऊळांनी ऐकलं. पखवाजाची सम पडली, आणि केसभर मागून झांज. पुन्हा सम, पुन्हा मागून. जेवायला बोलावल्यावर 'आलो, आलो' म्हणत येणाऱ्या माणसासारखी. एकदा ऐकू आल्यावर ते न ऐकण्याची सोय उरली नाही.

"होता एक," राऊळ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता नसतो मंडळात."

"हेच ते," मागून सुगंधाबाई म्हणाल्या.

राऊळांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण हरेश्वर हसला नाही. त्याने हलकेच आवाज एक घर वाढवला.

"काका, झांज सोडा. बुवांना ऐका. शब्दाच्या शेवटी काय करतायत बघा."

राऊळांनी ऐकलं. सम यायच्या आधी बुवा शेवटचं अक्षर किंचित लांबवत होते. तालाला धक्का न लावता, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकंच. मागे राहिलेली झांज त्या लांबवलेल्या अक्षरात बरोबर येऊन बसत होती. एकदा नव्हे, दोनदा नव्हे. प्रत्येक वेळी. आणि बुवा थांबतात म्हणून पखवाजवाला पुढचा बोल उचलायला थांबत होता, पेटीवाला सूर धरून ठेवत होता. समोर प्रतिस्पर्धी बसलेला, हॉल भरलेला, आणि आख्खं मंडळ गाता गाता एका माणसाला हात देऊन वर घेत होतं.

"तीस वर्षं लोकांच्या गाड्या ऐकतोय," हरेश्वर हळू आवाजात म्हणाला. "असं नाही ऐकलं. कोण हो हे बुवा? आहेत?"

"आहेत," राऊळ म्हणाले. "घाटकोपरला."

साकीनाक्याहून चारकोपला जायचं तर गाडी उलट्या दिशेला वळवायला हवी होती. राऊळांनी ती वळवली नाही. सुगंधाबाईंनी विचारलं नाही. असल्फा मागे पडलं.

घाटकोपरच्या भटवाडीत गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावावी लागली. ऐंशी वर्षांचे सीतारामबुवा बनियनवर, दारातल्या खुर्चीत लसूण सोलत बसले होते. राऊळांना बघून ते उठायला लागले, तर घरातून त्यांच्या पत्नी, राधाकाकी, ओरडल्या, "बसा थयच!"

"बुवानू, गाडीत येवा. कायतरी आयकवचा आसा."

बुवांना धरून गाडीत बसवलं. राऊळांनी गजर लावला. बुवांनी लसणाची पाकळी हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं, अजिबात न हलता. संपल्यावर म्हणाले, "पेटयेवरचो तुकाराम. गेलो बिचारो. कसो सूर धरून रवता बघ."

"बुवानू, एक विचारतंय. माझी झांज चुकत होती?"

"होय तर."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

इतक्या शांतपणे उत्तर येईल अशी राऊळांची तयारी नव्हती. "मगे कधी सांगलात नाय तां?"

बुवांनी पाकळी सोलली. "सांगान काय झाला असता? तू बरोबर वाजवलं असतंस. बरोबर वाजवणारे माझ्याकडे होते रे, सगळे माझ्याकडे बघून वाजवत. तू एकटोच असो, जेच्याकडे माका बघूचा लागा." त्यांनी राऊळांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या सामन्यात समोरचो बुवा तिसऱ्या तासाक चुकलो, आठवता? कित्याक चुकलो? तेची माणसा सगळी बरोबर वाजवत होती. तेका वाटला, चल्ला आता आपसूक. डोळो लागलो मेल्याचो! माझो डोळो लागाची सोय होती काय? तू होतंस ना!"

राऊळांना कळेना की हा आपला अपमान झाला की सत्कार. त्यांनी सुगंधाबाईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक तोंडाशी धरून बुवांकडे बघत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा सिंधुदुर्गातला समुद्र बघितला होता, तेव्हा त्या अशा उभ्या राहिल्या होत्या.

"गो," बुवांनी बायकोला हाक मारली, "ती झांज हाड भायर."

राधाकाकींनी कापडात गुंडाळलेली झांज आणली. राऊळ नको नको म्हणत असताना ती त्यांच्या हातात आली. गाडीची चारी दारं उघडली. गल्लीतली दहा-बारा माणसं जमलीच होती. पाणी भरणारी एक बाई हंडा खाली ठेवून उभी राहिली. राऊळ बॉनेटपाशी उभे राहिले. एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली: आता आपल्याला माहीत आहे. आता चुकायचं नाही. जीव गेला तरी समेवर पडायचं.

गजर सुरू झाला. राऊळांनी श्वास रोखला, सम जवळ आली, आणि त्यांनी झांज हाणली.

टेपमधल्या काशीरामने नेमकी त्याच क्षणी हाणली.

दोन झांजांचा एकच आवाज झाला. पुन्हा सम आली, राऊळांनी दात-ओठ खाऊन घाई केली, आणि पुन्हा सत्तावीस वर्षांचं अंतर तोडून दोन काशीराम एकाच ठिकाणी, केसभर उशिरा, हातात हात घालून पोचले. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच. सुताने मोजलं असतं तरी फरक निघाला नसता.

"काय जमलंय राव!" गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

सीतारामबुवा सीटवर हसून हसून लाल झाले. राधाकाकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला धावल्या. "कोण म्हणता रे ह्येका ताल नाय?" बुवांनी डोळे पुसले. "सत्तावीस वर्सा झाली, तसूभर हललो नाय!"

राऊळांनी झांज खाली घेतली. त्यांनाही हसू येत होतं, आणि गजर पुढे चालला होता. गाडीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या ओठांवर तेच अक्षर आलं, किंचित लांबलं, आणि तिथेच थांबून राहिलं.

"थांबलंस कित्या?" बुवांनी आतून हाक दिली. "वाजव! मी आसंय."